‘ज्योतिष’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

बेडकाच्या हाडातल्या रेघा मोजून त्याच्या वयाचा अंदाज कसा बांधतात, या माझ्या लेखावर ‘एक अभ्यासक’ या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिलं वाक्य असं: “मुंबईत थंडीच पडत नाही, तिथल्या बेडकाच्या हाडात वर्षं मोजणं हे विज्ञान नव्हे, ज्योतिष आहे.” पुढे तीन प्रश्न आहेत. एक रेघ म्हणजे एक वर्ष हे इथे कोणी तपासलंय का? गटाराकाठी बारमाही ओलीत राहणाऱ्या भेकांचं (टोडांचं) काय? आणि हाडासाठी बोट कापणं हा क्रूरपणा नाही का? शेवटी एक सल्ला: “घरबसल्या लेख पाडणाऱ्यांनी आधी एखादा बेडूक हातात धरून बघावा.”

सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो मला लागला. मी गोरेगावात वाढलो. तेव्हा पहिल्या पावसाच्या रात्री डबक्यांवर पिवळेधमक झालेले नर इतके ओरडायचे की घरात बोललेलं ऐकू येत नसे. पुढे मुंबईतल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात गेली. प्रॅक्टिकल संपलं की डिसेक्शनचे बेडूक फेकून दिले जायचे. त्यांच्या मांडीची हाडं मी काढून ठेवायचो. नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढायचं, मग मायक्रोटोमवर, म्हणजे अतिशय पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, काप घ्यायचे आणि हिमॅटॉक्सिलिन या रंगाने रंगवायचे. हाड ॲसिडमध्ये कमी वेळ राहिलं तर पात्याखाली त्याचा चुरा होतो, जास्त राहिलं तर रंग नीट धरत नाही. हे मी वाचून नाही, काप वाया घालवून शिकलो. तुम्ही शंका जरूर घ्या. पण ज्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, त्याने बेडूक हातात धरलेला नाही हे कशावरून ठरवलंत? आणि हे विचारताना स्वतःचं नाव का लिहिलं नाहीत?

आता थंडीबद्दल. तुमचा सगळा भर या एका वाक्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही पद्धत मुख्यतः युरोपात आणि रशियात रुजली. तिथे हिवाळ्यात बेडूक शीतनिद्रेत जातात आणि त्यांची वाढ थांबते. त्यामुळे पुस्तकांत पहिलं उदाहरण हिवाळ्याचं असतं. तुम्ही ते उदाहरणच नियम समजून बसलात. हाड थंडी मोजत नाही. प्राणी खातो-पितो, वाढतो, तेव्हा हाडाभोवतीचं आवरण बाहेरच्या बाजूला नवा थर चढवत जातं. वाढ मंदावली की थर चढणं जवळजवळ थांबतं आणि त्या जागी एक बारीक, दाट रेघ राहते. हिमॅटॉक्सिलिन लावलं की ती गडद जांभळी दिसते. वाढ कशामुळे थांबली, हा प्रश्न वेगळा.

मुंबईत ती कशामुळे थांबते? इथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरनंतर माळ सुकतो, डबकी आटतात, किडे कमी होतात. बेडकाच्या कातडीतून पाणी सतत उडत असतं, त्याला कोरड्या उघड्या जमिनीवर राहणं परवडतच नाही. डराव डराव करणारा आपला मोठा बेडूक मातीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच पडून राहतो. खाणं बंद, वाढ बंद. थंडीने जे तिकडे होतं ते इथे कोरडेपणाने होतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सागाची झाडं आहेत. सागाच्या खोडात वर्षावर्षाची कडी स्पष्ट दिसतात, आणि त्यालाही बर्फाची गरज पडलेली नाही. कोरड्या दिवसांत पानं गळतात, वाढ थांबते, कडं उमटतं. सागाची कडी मोजणाऱ्याला तुम्ही ज्योतिषी म्हणाल का?

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या संशोधकांनी मायक्रोहायला ऑर्नाटा या इवल्या बेडकाचं वय याच पद्धतीने काढलं. तो लेख २००१ साली ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये आला. धारवाडलाही बर्फ पडत नाही. टीका लिहिण्याआधी एवढं शोधायला कितीसा वेळ लागला असता?

एक गोष्ट मान्य करतो. हाड आतून पोखरलं जातं, त्यात सुरुवातीची एखादी रेघ नाहीशी होते आणि वय कमी भरतं. ती रेघ गेली की नाही, हे त्याच जातीच्या लहान पिल्लांच्या हाडाच्या व्यासाशी ताडून पाहतात. लेखात हे यायला हवं होतं, ते वाढवतो. पण तुमच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेखही नाही, हेही नोंदवून ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. रेघ आणि वर्ष यांचा मेळ ज्याचं वय ठाऊक आहे अशा बेडकावर, किंवा खूण करून सोडलेला पुन्हा पकडून तपासतात. ते जातीगणिक व्हावं यावर आपला वादच नाही. गटाराकाठच्या भेकांबद्दल मी लेखात अवाक्षर लिहिलेलं नव्हतं, न केलेल्या विधानाचा जाब मला मागू नका. राहिलं बोट. वयासाठी एका बोटाचं पेर पुरतं, जीव घ्यावा लागत नाही. खूण म्हणून अनेक बोटं कापणं ही निराळी गोष्ट. २००४ सालच्या एका विश्लेषणात पहिल्यानंतरच्या प्रत्येक बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याचं प्रमाण ४ ते ११ टक्क्यांनी घटताना दिसलं, म्हणून मी स्वतः त्याच्या विरोधात आहे. क्रूरपणाचा आरोप करायचा तर तिथे करा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण ‘ज्योतिष’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे. ज्यांनी मायक्रोटोमवर डोळे शिणवले, त्या सगळ्यांचा तो अपमान आहे. पुढची चर्चा खऱ्या नावाने करणार असाल तरच मी उत्तर देईन.