पडदे, कुशन आणि तो फिरणारा मेसेज

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी साइटवाल्यांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि काल मावशीनेही पाठवला, म्हणजे पुण्यात आता कुणाचा चुकला असेल असं वाटत नाही. थोडक्यात म्हणणं असं, की गे लोकांना सजावटीची उपजत जाण असते म्हणून इंटिरियरच्या धंद्यात ते जास्त दिसतात, पण खरी इमारत उभी करणं हे त्यांचं काम नाही, त्यांनी पडदे-कुशन बघावेत. आणि हे सगळं खूळ मुळात अमेरिकेतून आलंय, शिवाय कोण कोणासोबत राहतो याचा डिझाइनशी संबंधच काय. सूर कौतुकाचा, शेवटी हात जोडलेला इमोजी. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे एकेक करून घेते.

आधी ते उपजत वगैरे. माझा कॉलेजपासूनचा एक गे मित्र आहे, टॉयलेटच्या सन्क, म्हणजे खाली दाबून घेतलेल्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग त्याच्याइतकं चोख कुणी करून घेत नाही, पण पडद्याचं कापड निवडायला त्याला लक्ष्मी रोडला नेऊ नका, दुकानदारच हात जोडेल. असो, एका मित्रावरून काही सिद्ध होत नाही. पण मग इंटिरियरमध्ये ही माणसं सुरुवातीपासून का दिसतात? कारण दुसरीकडची दारं बंद होती. १९०० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये बाईला आर्किटेक्ट म्हणून कोण उभं करणार होतं? एल्सी डी वुल्फ मुळात नाटकातली नटी, एलिझाबेथ मार्बरी नावाच्या नाटकांच्या एजंट बाईंसोबत वर्षानुवर्षं एका घरात राहायची. मार्बरीबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी बायकांसाठी कॉलनी क्लब काढला, इमारतीचा आर्किटेक्ट स्टॅनफर्ड व्हाइट, आतलं काम एल्सीकडे आलं. १९०७ ला क्लब उघडला तर आत काळपट मखमल नाही, जड लाकूड नाही, फिकट भिंती, फुलाफुलांचं सुती कापड, आणि एक अख्खी खोली बागेत वेली चढवायला लावतात तसल्या लाकडी जाळीची. फर्निचर विकणारे किंवा रंगारी लोक ही कामं आधीही करायचेच, पण सजावटीची स्वतंत्र फी घेणारा व्यवसाय म्हणून जे नाव रुजलं त्यात एल्सी पहिल्या फळीतली. म्हणजे काम मिळालं ते ओळखीतून, आणि जाण आली ती काम करून, आपल्या सगळ्यांना येते तशीच.

आणि सगळ्यांची आवड एकसारखी असते हेही काहीतरीच. त्याच शतकात पॅरिसला ज्याँ-मिशेल फ्रँक नावाचा इंटिरियर डिझायनर होता, तोही गे, त्याच्या खोल्या इतक्या रिकाम्या की आपल्याकडचा क्लाएंट म्हणेल मॅडम काम अर्धवट सोडून गेल्या.

आता दुसरा मुद्दा, इमारत उभी करणं. हा वाचून मला खरंच हसू आलं, कारण विसाव्या शतकातल्या सगळ्यात दणकट, राकट काँक्रीटच्या इमारतींपैकी एक येल विद्यापीठात आहे, आर्ट अँड आर्किटेक्चर बिल्डिंग, १९६३, आर्किटेक्ट पॉल रुडॉल्फ, गे. शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, उभ्या पट्ट्या मारून त्याने भिंती अशा ओतून घेतल्या की बाहेर उभे कंगोरे आले, आणि शटरिंग निघाल्यावर कामगारांना हातोडे देऊन त्या कंगोऱ्यांच्या धारा फोडायला लावल्या, आतली खडी उघडी पडेपर्यंत. हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधली पोकळ खडबडीत जागा, दिसलं की आपण लगेच सिमेंटचा लेप मारायला धावतो, आणि हा माणूस मुद्दाम अख्खी भिंत फोडून घेतोय! त्या भिंतीला चुकून खांदा घासला तर शर्ट फाटेल. आवडो न आवडो, मला स्वतःला ती इमारत जरा अंगावर येते, पण तिला कुशन म्हणता येणार नाही. त्याच्या हाताखाली येलमध्ये नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्स शिकले, म्हणजे काचा-स्टीलच्या ज्या इमारती आज जगभर दिसतात त्यांच्या वंशावळीत हा माणूस आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये डोव्हरला १९४८ साली सूर्याच्या उष्णतेवर गरम राहणारं घर बांधलं गेलं, इंजिनिअरिंग मारिया टेल्कसचं, आर्किटेक्ट एलिनॉर रेमंड, जिचं आयुष्य एथेल पॉवरसोबत गेलं. कॅनडात व्हँकुव्हरला आर्थर एरिकसन या आर्किटेक्टने, तोही गे, रॉब्सन स्क्वेअरला पायऱ्यांमधूनच तिरपा रॅम्प काढला. दिसायला सुरेख, फोटो तर हमखास बघितला असेल, पण व्हीलचेअरवाल्यांची त्या उताराबद्दल तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. मुद्दा काय, तर यावर भांडा ना, उतारावर भांडा, डिटेलवर भांडा, तसंच भांडायचं असतं इमारतीबद्दल. फिलिप जॉन्सनबद्दलही भांडा. १९७९ ला पहिलं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं सगळ्यात मोठं बक्षीस, त्याला मिळालं, तो गे होता, आणि १९३० च्या दशकात तो उघडपणे नाझींच्या बाजूचा होता. गे होता म्हणून ते धुऊन निघत नाही आणि नाझींच्या बाजूचा होता म्हणून त्याचं काचेचं घर पुसलं जात नाही. मेसेजमधल्या त्या गोड-गोड कौतुकात असला माणूस बसतच नाही.

तिसरं, अमेरिकेचं खूळ. पुण्याहून विमानाने काही तासांवर श्रीलंका आहे. जेफ्री बावा, जन्म १९१९, आधी वकील, आर्किटेक्ट झाला तो १९५७ ला म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी (आपल्याकडे या वयात लोक व्हीआरएसची चौकशी करतात). कोलंबोत एका गल्लीतली चार छोटी घरं त्याने एकेक करून घेतली आणि जोडत जोडत एकच घर केलं, मध्ये चौक, वरून पाऊस, पुढे परत चौक. बेंटोटाजवळ लुनुगंगा नावाची रबराची जुनी इस्टेट घेतली आणि मरेपर्यंत, पन्नासेक वर्षं, तिच्यावर काम करत राहिला. आज आपल्याकडे अलिबाग-मुळशीच्या कुठल्याही फार्महाऊसवाल्याला विचारा, उतरतं कौलारू छप्पर, पॉलिश सिमेंटची जमीन, चौकात चाफा, आत-बाहेर एकच, हे सगळं 'बावा स्टाइल' म्हणूनच मागतात, रेफरन्स इमेजमध्ये तोच असतो. तो गे होता, याचा त्याने कधी गाजावाजा केला नाही, आणि २००३ ला तो गेला तेव्हाही तिथे हा गुन्हाच होता. तो गुन्हा इंग्रजांनी लिहिला, आपलं कलम ३७७ पण त्यांच्याच १८६० च्या पीनल कोडमधलं, आपल्याकडे ते सज्ञानांच्या खासगी संबंधांपुरतं गेलं २०१८ च्या सप्टेंबरमध्ये. बाहेरून आलेलं काय ते ज्याचं त्याने बघावं. पुण्यात समलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ मध्येच सुरू झाला, हेही मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नाही.

आता शेवटचं, संबंध काय. हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण ऐकायला तो समंजस वाटतो. अहो पण घराचा प्लॅन म्हणजे दुसरं काय असतं? कोण कुठपर्यंत आत येणार, कुणाला कोण दिसणार. शनिवार-सदाशिवातले वाडे बघा, देवडीत एक जण थांबतो, सोप्यावर दुसरा, माजघरात घरच्या बायका आणि तिथे परक्याची नजर पोचत नाही, हे सगळं भिंतींनी ठरवलेलं आहे. ज्यांना आपलं घर कुणाला किती दिसावं याचा रोज विचार करावा लागला त्यांच्या प्लॅनमध्ये तो उतरणारच. जॉन्सनचं काचेचं घर १९४९ चं, सगळीकडून पारदर्शक, पण समोरच त्याने विटांचं एक बंद घर बांधलंय, आणि तिथल्या बेडरूमला आतून कापड लावून घेतलंय. लोक फोटो काढतात काचेच्या घराचे.

आयलीन ग्रे त्याहून भारी. आयरिश बाई, तिची प्रेमं बायकांवरही आणि पुरुषांवरही, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तिने १९२९ ला ई-१०२७ नावाचं घर पूर्ण केलं. दारातून आत गेलं की अख्खा हॉल एकदम दिसत नाही, मध्ये आडोसा येतो, आणि भिंतीवर स्टेन्सिलने लिहिलंय 'सावकाश आत या', दुसरीकडे 'हसण्यास मनाई'. पुणेकरांनी तरी या बाईला आपलं म्हणायला हरकत नसावी. पलंगावर बसून नाश्ता करता यावा म्हणून वरखाली होणारं गोल टेबल केलं, त्याच्या नकला आजही ऑनलाइन मिळतात, खाली नाव नसतं. नंतर आपला चंदीगडवाला कॉर्ब्युझिए तिथे राहायला आला आणि तिला न विचारता भिंतींवर मोठमोठी चित्रं काढून गेला. ती भयंकर चिडली. आणि पुढे कित्येक वर्षं लोकांना घर बांधणारीपेक्षा चित्रं काढणाराच जास्त माहीत.

हे लांबचं वाटत असेल तर बाणेरचा टूबीएचके घ्या. दोघी मुली, एकत्र राहतात, माझ्याकडे काम होतं. आधी घर मिळेपर्यंतच दमल्या होत्या, 'फक्त फॅमिली' ऐकून ऐकून. दुसरी बेडरूम आई-वडील आले की 'तिची खोली' दिसली पाहिजे, बाकी वेळ ती कुणाचीच नाही. नुसता बेड आणि वॉर्डरोब टाकून चालत नाही, कारण रोज वापरातली खोली आणि पाहुण्यांची खोली यातला फरक कुठल्याही आईला उंबऱ्यातूनच कळतो. म्हणून स्टडी टेबल, चार्जिंग पॉइंट पलंगाच्या त्याच बाजूला जिथे उशी येते, दाराच्या मागे वापरलेला टॉवेल अडकवायला हूक. ड्रॉइंगवर फक्त 'बेडरूम २' लिहिलंय. आता सांगा संबंध नाही म्हणून.

आणि हे फक्त घरापुरतं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नाल्सा निकालात तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या सार्वजनिक टॉयलेटची सोय करा असं सरकारांना सांगितलंय. तिकडे जोएल सँडर्स नावाचे आर्किटेक्ट, गे, त्यांनी ट्रान्स इतिहासकार सुझन स्ट्रायकर यांच्यासोबत यावरच काम केलंय: प्रत्येक डब्याला खालपासून वरपर्यंत पूर्ण दार आणि हात धुवायची जागा मध्ये, सगळ्यांची एकच. लहान मुलीला घेऊन आलेला बाप, आजोबांना धरून नेणारी सून, यांचीही पंचाईत त्यात सुटते. आपल्याकडे मात्र अजून प्लॅनवर जेंट्स आणि लेडीज असे दोन चौकोन टाकले की झालं, आणि तो प्लॅन पास पण होतो.