लाईन जरा इकडे घ्या, साहेब

परवाच्या रविवारपासून धुळे तालुक्यातल्या एका गावात मी रेल्वेचा साहेब आहे. राजीनामा तिथल्या तिथं देऊन पाहिला, कुणी घेतला नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी मावससासरा तिथला निघेल. खानदेशात हे टळत नाही.

गेलो होतो सायकल चालवायला. वर्दळ नको आणि कडेला बघण्यासारखं काहीतरी हवं, एवढीच मागणी होती. धुळ्यात राहून ती करणं म्हणजे माज आहे, हे मान्य. आमच्या गावातून मुंबई–आग्रा जातो, सुरत–नागपूर जातो आणि सोलापूरकडचाही इथूनच निघतो. तीन-तीन राष्ट्रीय महामार्ग. देशात कुठंही जायची इतकी उत्तम सोय आहे की शहराबाहेर पाच किलोमीटर शांतपणे जायची सोय राहिलेली नाही. शहरात ‘आग्रा रोड’ नावाचा जो प्रकार आहे त्यावर साड्या, भांडी आणि सोनं मिळतं, आग्र्याला जाणारा रस्ता वेगळा. 2003 साली महानगरपालिका झाली, तेव्हापासून आम्हीही मोठ्या शहरात राहतो. त्यामुळे ‘जरा शहराबाहेर पडावं म्हणतो’ हे वाक्य आम्हाला पुणेकरांइतक्याच हक्कानं म्हणता येतं. पडायचं कुठं, हा प्रश्न महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा.

लळिंगकडे जावं तर चढावर मागून कांद्याचा ट्रक, शेजारून कंटेनर आणि मधल्या वीतभर जागेत मी. लळिंगचा किल्ला फार देखणा आहे म्हणतात. मी तिथून अनेकदा गेलोय, पण मान वळवायची हिंमत झाली नाही. साक्रीकडे जावं तर वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. त्या उभ्या करणाऱ्यांनी पैसे घालण्याआधी वारा मोजून बघितला असणार. मी नुसताच आषाढात पश्चिमेकडे तोंड करून निघालो, तेव्हा उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं. माझा एक सायकलमित्र म्हणतो, “घाबरू नको, येताना हाच वारा पाठीशी.” हे तो दर वेळी जाताना म्हणतो. येताना तो एसटीत असतो.

तर शांत रस्ता शोधायची माझी एक पद्धत आहे. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडायचा आणि जाड रेघा सोडून बारीक रेघा धरायच्या. त्यातल्या निम्म्या कुणाच्या तरी गोठ्यात संपतात. उरलेल्यांपैकी जिथं नदीवर पूल नाही, नुसती फरशी आहे, तिथं जड वाहन सहसा फिरकत नाही. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पाटाची कड. पाणी आपल्या चालीनं उतरत जातं, म्हणून पाट टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो. म्हणजे सायकलवाल्याचा दमही वाचतो. शेजारी पाटाची देखभाल करणाऱ्यांसाठी मुरमाची वाट असते, ओलाव्यानं झाडं वाढलेली असतात.

पांझरेच्या खोऱ्यात तर हे पाट फार जुने. नदीवर लहानसा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. इंग्रज यायच्या आधीपासून लोकांनी आपसांत चालवलेली ही व्यवस्था आहे. पुढे विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला याच पांझरेच्या पाण्याचं काम करायला या भागात आले होते. तेही इथं मोजमापं घेतच फिरले असतील. फरक इतकाच, की त्यांना कुणी सायकलवाला समजलं नसणार.

असा एक पाट मला सापडला. मार्गशीर्षातली सकाळ. एका अंगाला कपाशी फुटलेली, दुसरीकडे दादर ज्वारी पोटऱ्यात आलेली, डोक्यावर चिंचा. समोरून गाडी नाही, मागून हॉर्न नाही. मध्ये एकदा ठेलाऱ्यांची मेंढरं आडवी आली. मेंढरांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही, कुत्र्यांनी दिलं. ठेलाऱ्यांच्या कुत्र्यासमोर सायकल पळवायची नसते. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि आपण फार साधे आहोत असा चेहरा करायचा. तो चेहरा मला जमतो. पुढच्या गावात तोच नडला.

गावाच्या तोंडाशी वाट दुभंगली म्हणून पाराजवळ थांबलो. पारावर एक आबा. पांढरी टोपी, धोतर, हातात काही नाही आणि करायलाही काही नाही. शेजारी चहाची टपरी, टपरीवर चार-पाच जण. माझ्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, हँडलला मोबाईल लावलेला आणि दांडीला हवा भरायचा पंप अडकवलेला. हा पंप पुढे दुर्बीण ठरला.

“राम राम साहेब. बठा.”

“राम राम आबा. हा रस्ता पुढं निघतो का?”

आबा हसले. “ते तुमना हातमा शे.”

मला वाटलं, वडीलधारं माणूस काहीतरी खोल बोललं.

“मोजणीले उनात ना?” मोजणीला आलात ना, असं आबा अहिराणीत विचारत होते.

“नाही हो. असाच, फिरायला.”

आबांनी टपरीकडे बघून डोळा मिचकावला. “सांगानी बंदी ऱ्हास त्यासले. साहेबले चहा दे रे. साखर जास्ती.”

आता इथं त्या लोकांचीही बाजू सांगायला हवी. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाच्या गोष्टी ऐकत आमच्याकडे पोरांची लग्नं झाली आणि त्यांची पोरंही शाळेत गेली. ‘लाईन येणार’ ही बातमी निवडणूक आली की यायची आणि निकाल लागला की जायची. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं 309 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, तेव्हापासून जो अनोळखी माणूस शेताच्या बांधावर थांबून मोबाईलमध्ये बघतो, तो मोजणीवाला. आणि मी तर जिथं थांबेन तिथं मोबाईलमध्येच बघत होतो.

अशा वेळी गाव अंगावर येईल, ‘जमीन देणार नाही’ म्हणेल, अशी माझी समजूत. आबांचं दुखणं निराळंच निघालं.

“मन्हा भाऊनं वावर लाईनमा गयं,” त्यांनी सांगितलं. मी चेहरा पाडला. “आनी मन्हं ऱ्हायी गयं,” ते पुढे म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं की दुःख दुसऱ्या वाक्यात आहे. “बांधले बांध शे, साहेब. एकच बाप, सारखी वाटणी. त्याले चौपट भेटी, माले काय? धूळ? त्यानी ट्रॅक्टरबी दखी ठेयेल शे.”

“वाईट झालं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“लाईन जराशी इकडे सरकाडी दिधी ते काय व्हई?”

“आबा, मी रेल्वेत नाही. आणि रेल्वे सरळ जाते.”

“वाकडी जास. मी मुंबईले गयथू तवय दखं. कसाऱ्याले कितली वाकडी व्हस!”

वाद घालायचं कारण नव्हतं, पण मी म्हणालो, घाटाची गोष्ट वेगळी. सपाटीवर गाडीला वेग असतो, एकदम वळवता येत नाही, वळण फार लांबून घ्यावं लागतं. एवढं बोललो आणि टपरीवर शांतता पसरली. रेल्वेत नसलेल्या माणसाला हे कसं ठाऊक? एकानं आपल्या बुडाखालचा स्टूल काढून मला दिला.

“हाऊ मोबाईल दखाडा,” आबा म्हणाले. मी दाखवला. सकाळपासूनच्या माझ्या वाटेची निळी रेघ पडद्यावर होती.

“हाई निळी लाईन कसानी?”

“माझा रस्ता.”

“तुमना रस्ता!” आबांनी बोट टेकवलं. नकाशा सरकत सरकत अरबी समुद्रात गेला. एका पोरानं तो परत ओढून आणला आणि मोठा केला. आबांनी पाट ओळखला, विहीर ओळखली आणि मग आपलं शेत. बराच वेळ ते बघत राहिले. “आरे! हाई ते मन्हा वावरले लागीसन चालनी!”

त्यानंतर मी काय बोललो याला अर्थ उरला नाही. नकाशा गावानं डोळ्यांनी बघितला होता.

सायकलची किंमत विचारणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो, इथं ते काम त्याच पोरानं केलं. मी सवयीनं ‘आठ हजार’ म्हणालो. घरी हाच आकडा सांगितलेला आहे आणि बाहेर निराळा सांगून कुठं तरी जुळायचा राहतो. पोरानं मोबाईलचा कॅमेरा सायकलवरच्या नावावर धरला, काहीतरी दाबलं आणि मोठ्यांदा वाचलं, “बावन्न हजार!” टपरीवाल्यानं चहाच्या कपाखाली बशी दिली. बावन्न हजारांची सायकल सरकारशिवाय दुसरं कोण घेणार? साधा माणूस त्यात मोटारसायकल घेऊन डाऊन पेमेंट परत मागेल.

मग सातबारे आले. घरी जाऊन आणलेले, घडीवर फाटलेले, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले. एकाचा मोबाईलमध्ये होता, त्यानं मला तो पाठवायला नंबर मागितला. मी दिला नाही, तर पोर म्हणालं, राहू द्या, साहेबांना वरून मनाई असेल. मग आबांनी मागितला. आबांना मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांनी तोपर्यंत माझ्या मोज्यांवर हात फिरवून ‘थंडीमा बरं शे’ म्हटलं होतं.

फोटो निघाला. मध्ये मी, डावीकडे आबा, उजवीकडे पंप घेतलेलं पोर. आणि निघताना टपरीवाल्यानं हिशेब सांगितला, चौदा चहा, एकशे चाळीस रुपये. मान गावानं दिला, बिल साहेबांनी.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण मला राग आलाय आणि तो अजून आहे. तासभरात एकालाही हे पटवता आलं नाही, की एक धडधाकट, पोटापुरतं कमावणारा माणूस रविवारी पहाटे उठून निव्वळ आनंदासाठी एखाद्या रस्त्यानं जाऊ शकतो. कामाला निघालेला माणूस सगळ्यांना कळतो, देवाला निघालेला कळतो, मयतीला निघालेला तर ताबडतोब कळतो. देवाचं तरी सांगायला हवं होतं. सप्तशृंगीला पायी निघालेल्या माणसाला कुणी सातबारा दाखवत नाही. उलट पाणी पाजतात, पायाला तेल लावतात.

आणि उठता उठता त्यातला एक जण सहज म्हणाला, “हा पाटना रस्ताबी मंजूर व्हयेल शे साहेब, डांबरी होई.” मी विचारलं, चिंचांचं काय? तो म्हणाला, “चिंचा काढतीन ना.” मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की पारा चव्वेचाळीसवर जाणाऱ्या जिल्ह्यात रस्त्यावरची सावली ही शोभेची वस्तू नाही. महामार्ग चौपदरी झाले, कडेची जुनी झाडं गेली आणि दुभाजकात कण्हेर आली. कण्हेरीखाली कोण बसतं? त्या गावच्या माणसांना रस्ता हवाय, तो त्यांना मिळायलाच पाहिजे. पावसाळ्यात बाळंतीण त्या चिखलातून कशी नेतात ते मी बघितलंय, तेव्हा माझ्या रविवारच्या हौसेसाठी त्यांनी मुरमात राहावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण रस्ता करायचा म्हणजे आधी झाडं पाडायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की ती वाचवून रस्ता कसा न्यायचा, हे विचारायला त्या पारावर एकही साहेब नव्हता. मी होतो, पण खोटा.

फोटो संध्याकाळपर्यंत माझ्या साडूकडे पोचला. खाली लिहिलं होतं, ‘रेल्वेचे साहेब मोजणीसाठी गावात, 52 हजारांची सायकल’. घरात त्यातल्या रेल्वेबद्दल काहीही विचारलं गेलं नाही.

काल आबांचा फोन आला.

“साहेब, एक इचारनं व्हतं. लाईनमा वावर गयं ते झाडंस्नाबी पैसा भेटस म्हनतंस. मी आत्तेच लाई ठेवतस. कसानं झाड लावू?”

म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून होऊ दे. “आबा, कडुलिंब लावा. पाटाच्या कडेनं, ओळीनं लावा.”

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग आबा म्हणाले, “कडुलिंबले कितला भाव शे?”

“भाव नाही आबा. सावली पडते.”

“मंग डाळिंब लावस,” आबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.