रॉय डिस्नेने भावाचं स्वप्न पूर्ण केलं, ते चिखलापासून सुरुवात करून

वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ ला गेला, तेव्हा फ्लोरिडात होती सुमारे २७,४०० एकर जमीन, त्यातली बरीचशी दलदल, आणि कागदावरचे आराखडे. थोरला भाऊ रॉय ७३ वर्षांचा, निवृत्तीच्या तयारीत. त्याने निवृत्ती पुढे ढकलली आणि तिथे डिस्ने वर्ल्ड हे मनोरंजनाचं पार्क उभं करायचं अंगावर घेतलं. त्याला 'वॉल्टचा हिशेबनीस' म्हणून एका ओळीत उरकतात, याचा मला मनापासून राग येतो.

स्वप्नातला किल्ला नंतर, आधी पाणी. दलदलीत पाणी वाढलं तर बांधकाम बुडणार, पूर्ण उपसलं तर सायप्रसची झाडं वाळणार. म्हणून मैलोनमैल कालवे खणले, तेही नैसर्गिक ओढ्यासारखे वळणं घेत. त्यांच्यावरचे दरवाजे तरंगत्या फ्लोटवर चालतात. पातळी चढली की आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

मग भुयारं. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या आधीच्या पार्कमध्ये, डिस्नेलँडमध्ये, काउबॉयच्या वेशातला कर्मचारी भविष्यनगरीच्या विभागातून चालत जाताना दिसला, की वॉल्टला ते खटकायचं. कर्मचारी, सामान, कचरा हे सगळं पाहुण्यांच्या नजरेआड हवं. पण फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. उपाय असा निघाला की भुयारं खणायचीच नाहीत. ती जमिनीच्या पातळीवर बांधली आणि शेजारचं तळं खोदताना निघालेली सुमारे ७० लाख घनयार्ड माती भोवती आणि वर भरली. मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे किल्ला असलेल्या मुख्य पार्कात, लोक जिथे फिरतात तो खरं तर दुसरा मजला आहे. भुयारात कचरा वाहून नेणारे नळ बसवले, ते हवेच्या दाबाने कचरा ओढून घेतात. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं. वर पार्क उभं राहिल्यावर खाली भुयार घालणं जवळपास अशक्यच.

पैशांचं काम रॉयचं, आणि ते तितकंच अवघड. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर. नुसतं कर्ज काढलं असतं तर पहिल्याच मंदीत व्याजाने गळा आवळला असता. त्याने शेअरमध्ये बदलता येणारे रोखे विकले. शेअरचा भाव चढला की रोखेधारक शेअर घेतात आणि कर्ज आपोआप फिटतं. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं, तेव्हा कंपनीच्या डोक्यावर जवळजवळ कर्ज नव्हतं. तारीखही विचारपूर्वक निवडलेली: ऑक्टोबरात गर्दी कमी, चुका पकडायला वेळ मिळतो. नोव्हेंबरच्या सुट्टीत मात्र रस्ते तुंबलेच.

वॉल्टला तिथे एपकॉट नावाचं खरं राहतं शहर हवं होतं, रॉयने ते मागे ठेवलं, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. मला रॉयचं बरोबर वाटतं. वॉल्टच्या कल्पनेत रहिवाशांच्या मालकीची घरं नव्हती, सगळी भाड्याची. पण माणसं कायमची राहायला आली की मतं मागणार, कारभारात वाटा मागणार. आणि फ्लोरिडाच्या १९६७ च्या कायद्याने मिळालेली रस्ते-पाणी-बांधकामाची स्वायत्तता तर जमीनमालकाच्या, म्हणजे डिस्ने कंपनीच्या, हातात होती. हा पेच वॉल्टने सोडवलेला नव्हता. तो गेल्यावर त्याच्या नावाने भलतंच उत्तर ठोकून देण्यापेक्षा, जे दोघांनी आधी एकदा उभं केलं होतं ते पार्क आणखी चांगलं उभारणं प्रामाणिकपणाचं होतं. नाव नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' असणार होतं. पुढे 'वॉल्ट' लागलं पाहिजे हा आग्रह रॉयचाच. २० डिसेंबर १९७१ ला, पार्क उघडून तीन महिनेही झाले नव्हते, तोही गेला.