कॅरिओटाइप नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल? फिरत्या मेसेजला उत्तर

ठाणे, ऐरोली, कोपरखैरण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मुलाच्या गुणसूत्राचा तुकडा गळणं ही गरोदरपणातली चूक. कॅरिओटाइप करा, नॉर्मल आला तर निश्चिंत राहा. झटके आले तर कॅल्शियम सिरप आणि डी-३ पुरे. लशी बंद ठेवा.' कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची चाचणी. २२क्यू११.२ डिलिशन, म्हणजे २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाल्याने होणारा डिजॉर्ज सिंड्रोम, याच्या बाबतीत यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी 'चूक'. ग्रहण, पपई, मोबाइल यांचा इथे काही संबंध नाही. २२व्या गुणसूत्राच्या त्या भागात डीएनएचे जवळजवळ सारखे पट्टे पुन्हा पुन्हा येतात. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना, शर्टाचं बटण भलत्याच काजात जावं तसा एक पट्टा चुकीच्या पट्ट्याशी जुळतो आणि मधला तुकडा गळतो. दहापैकी साधारण नऊ मुलांत हे नव्यानेच घडलेलं असतं, तेही गर्भ राहण्याआधी. सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी: तुकडा वडिलांकडच्या गुणसूत्रातूनही गळतो.

कॅरिओटाइपचा दावा सगळ्यात घातक. सूक्ष्मदर्शकाखाली डीएनएच्या ५० लाख ते १ कोटी अक्षरांहून लहान तुकडा गळालेला सहसा दिसत नाही, आणि इथला नेहमीचा तुकडा ३० लाखांच्या आसपास. त्यामुळे 'नॉर्मल' छापून येतं आणि हृदयात दोष असलेलं, नाकातून दूध येणारं बाळ तपासाबाहेर पडतं. मागायची चाचणी मायक्रोॲरे किंवा एमएलपीए, म्हणजे गळालेले छोटे तुकडेही पकडणाऱ्या डीएनए चाचण्या. फिश ही चाचणी स्वस्त, पण तिचा प्रोब (चमकणारा डीएनएचा शोधक तुकडा) एका ठरावीक जागी बसतो. तुकडा त्या जागेपलीकडे असेल तर ती निगेटिव्ह येते. मायक्रोॲरेला जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी लागते, कॅरिओटाइप आणि फिशला हिरव्या झाकणाची हेपॅरिन नळी. घरी रक्त न्यायला येणाऱ्याला सुई टोचण्याआधीच झाकणाचा रंग विचारा, नाहीतर नमुना बाद होतो आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं.

झटक्यांचं मूळ बहुधा पॅराथायरॉइड ग्रंथीत असतं. या ग्रंथीचं संप्रेरक पीटीएच कमी पडलं की मूत्रपिंड साध्या डी-३ला पुरेसं सक्रिय करत नाही, म्हणून कॅल्शियमसोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे आधीच सक्रिय असलेलं ड जीवनसत्त्व, लागतं. ते अंदाजाने वाढवलं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, म्हणून लघवीतलं कॅल्शियमही तपासत राहायचं. पहिल्या तपासणीत आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पीटीएच एकत्र हवं. पातळी सुधारल्यावरही ताप, शस्त्रक्रिया किंवा वयात येताना ती पुन्हा घसरू शकते.

लशी सरसकट बंद नाहीत. निष्क्रिय लशी वेळेवर द्यायच्याच. रोटाव्हायरस, तोंडावाटे पोलिओ आणि एमआर (गोवर-रुबेला) या जिवंत लशींचा निर्णय टी-पेशींची (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची) मोजणी बघून डॉक्टरांनी घ्यायचा. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि ही मोजणी झालेली नसेल, तर बाळाला चढवायचं रक्त इरॅडिएट केलेलंच, म्हणजे त्यातल्या पांढऱ्या पेशी किरणांनी निष्क्रिय केलेलंच मागा.

निदान पक्कं झाल्यावर आई-वडील दोघांचीही तपासणी. एकात डिलिशन सापडलं तर पुढच्या प्रत्येक गर्भाला ५० टक्के शक्यता. सल्ल्यासाठी सरकारी वाट परळच्या केईएमची. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात ते उत्कृष्टता केंद्र आहे. जाताना रिपोर्टचं तुकड्याचे आकडे असलेलं पान विसरू नका. त्यावर जीआरसीएच ३७ की ३८ (मानवी डीएनएच्या संदर्भ-नकाशाची आवृत्ती) हे लिहिलेलं हवं, कारण तोच तुकडा दोन्हीत वेगवेगळ्या आकड्यांनी येतो.