हातात दुसरी नोकरी नसताना राजीनामा कसा द्यावा

राजीनामा द्यायचा तर डोकं पुरेसं तापलेलं असताना द्यावा. थंड डोक्यानं दिलेल्या राजीनाम्यात मजा नसते आणि बहुतेक वेळा तो दिलाच जात नाही. निरोपाचा ईमेल सविस्तर लिहा. साहेबांच्या कारभाराचं मुद्देसूद परीक्षण त्यात हवंच, आणि प्रत सगळ्या विभागाला. पुढची कंपनी चौकशीसाठी याच साहेबांना फोन करणार आहे, असले क्षुद्र विचार मनात आणू नका.

बचत किती महिने पुरेल याचा हिशेब मांडू नये. मांडला की हप्ते दिसतात, आणि हप्ते दिसले की स्वाभिमान डळमळतो. त्यापेक्षा सुरुवातीचे दिवस ‘स्वतःचा शोध’ घ्यावा. दुपारी बाराला उठून शोध घेतला तर आपण बहुधा अंथरुणातच सापडतो.

अर्ज करण्याची घाई तर नकोच. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी सुमारे ३,००० जाहिरातींना जवळपास १२,००० बनावट रेझ्युमे पाठवून पाहिले. निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. बेकारीचा काळ लांबत जातो तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. भित्रा माणूस यावरून लगेच कामाला लागेल. तुम्ही याची उजळ बाजू बघा: आठ महिने कसेबसे काढले की पुढे बिघडायला फारसं काही उरतच नाही!

रेझ्युमे एकच ठेवा आणि तोच सगळीकडे पाठवा. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीनं इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागितलं. पत्रात आधी हलवता येणारे पूल, तोफा आणि वेढ्याची यंत्रं. चित्रंही काढतो, हे अगदी शेवटी. समोरच्याला युद्धाची काळजी आहे हे त्यानं ओळखलं होतं. एवढी लाचारी आपल्याला जमायची नाही. आपली सुरुवात ‘ध्येयवादी, कष्टाळू आणि टीममध्ये मिसळणारा’ अशीच. जाहिरातीतला एकही शब्द अर्जात न सापडल्यानं चाळणी लावणारं सॉफ्टवेअर तुम्हाला मागे टाकत असेल, तर तो सॉफ्टवेअरचा दोष.

आणि नोकरी शोधताय हे कुणाला कळू देऊ नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. म्हणजे तो जुना सहकारी, ज्याच्याशी आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता संबंध उरलाय. त्याला फोन करणं म्हणजे नाक कापून घेणं. विचारलंच कुणी, तर ‘सध्या कन्सल्टिंग करतोय’ म्हणावं. कुणाला, ते सांगू नये.

मुलाखतीत मात्र तुमचं खरं चीज होतं. नोकरीत असता तर ‘नोटीस पिरियड तीन महिने? फार होतो हो’ म्हणून समोरच्यानं नाक मुरडलं असतं. आता तुम्ही उद्यापासून यायला तयार, म्हटल्यावर त्याला वेगळाच वास येतो: ‘इतका रिकामा कसा?’ (माणूस तोच, अनुभव तोच, फक्त गळ्यातलं ओळखपत्र गेलेलं.) मग पगाराची गोष्ट निघते. वाढ चालू पगाराच्या टक्केवारीत मागायची रीत आहे, आणि शून्याचे तीस टक्के किती होतात हे एचआरला तोंडपाठ असतं.

तरीही एक दिवस नोकरी मिळते. पगार जवळपास आधीचाच, साहेबही साधारण त्याच घडणीचे. त्याच संध्याकाळी एक लांब पोस्ट लिहा: ‘उडी मारली, म्हणून पंख फुटले.’ ज्या अर्ध्यामुर्ध्या ओळखीच्या माणसानं शेवटी तुमचा रेझ्युमे पुढे सरकवला, आणि ज्या जोडीदाराच्या पगारावर तेवढे महिने घर चाललं, त्या दोघांना टॅग करण्याचं काही कारण नाही.