ओढूनताणून

मस्तानी प्यायची की खायची, यावर पुण्यात एकमत होणं अवघड. पण कागदी स्ट्रॉने ती पिता येत नाही, यावर व्हायला हरकत नाही. पहिले घोट झकास जातात. मग आईस्क्रीमचा तुकडा आडवा येतो. तुम्ही गाल आत घेऊन जोर लावता, स्ट्रॉ आतल्या आत चिकटतो, मस्तानी वर येत नाही आणि डोळे तेवढे बाहेर येतात. थोड्या वेळाने टोकाचा कागद सुटतो आणि आंब्याच्या मस्तानीला पुठ्ठ्याची चव येते. शेवटी काउंटरवर जाऊन, "दादा, चमचा मिळेल?"

कागदी स्ट्रॉ म्हणे पर्यावरणाचा नवा अवतार. कसला नवा! अमेरिकेत मार्विन स्टोन नावाच्या गृहस्थांनी त्याचं पेटंट १८८८ सालीच घेतलं. तेव्हा लोक राय नावाच्या धान्याची पोकळ काडी वापरत. पुदिना घातलेल्या व्हिस्कीला गवताची चव लागते, ही स्टोनसाहेबांची तक्रार. म्हणून त्यांनी पेन्सिलीभोवती कागद गुंडाळून चिकटवला. पण व्हिस्की पातळ असते हो. कुणीतरी त्यांना तेव्हाच मस्तानी पाजायला हवी होती.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ देशभर बंद झाले. बरंच झालं. दुधाची पिशवी निदान भंगारवाला तरी घेतो. स्ट्रॉकडे तो ढुंकूनही बघत नाही. स्ट्रॉ जातो थेट गटारात, आणि पुढचं पाऊस बघून घेतो.

तर लेकीने फर्मान काढलं, "बाबा, यापुढे आपला स्ट्रॉ आपण न्यायचा." घरी स्टीलचा सेट आला. काही सरळ, काही वाकडे, सोबत धुवायला लांब ब्रश. ब्रशचे केस नायलॉनचे, आणि सगळा ऐवज प्लास्टिकच्या पाकिटात. थंडगार मिल्कशेकचा पहिला घोट घेतला आणि स्टील दाताला लागलं. रूट कॅनाल झालेला दात सोडून बाकी सगळ्यांनी निषेध नोंदवला. त्यात एकदा फालुद्यातला सब्जा आत अडकला. रात्री मी सिंकपाशी एक डोळा मिटून, स्ट्रॉ ट्यूबलाइटकडे धरून बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, ग्लासाला तोंड लावून प्यायलं तर काय होतं?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी ब्रश जोरात फिरवला.

मक्यापासून केलेलाही एक स्ट्रॉ मिळतो. दिसायला थेट प्लास्टिक, पण म्हणे खत होतं. होतं, कारखान्यात, साधारण साठ अंशांची ऊब मिळाली तर. आमच्या गॅलरीतल्या कुंडीला तेवढा ताप मे महिन्यातही येत नाही. बांबूचा आणला, तर पावसाळ्यात त्याला आतून बुरशी. आईने पपईच्या देठाची आठवण काढली, पण सोसायटीत एकच पपई आणि तिच्यावर सेक्रेटरींचा डोळा.

त्यात लेकीने बातमी वाचून दाखवली. बेल्जियमच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तिथल्या बाजारातले ३९ ब्रँड तपासले. कागदी २० पैकी १८ ब्रँडमध्ये 'पीएफएएस' ही वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं सापडली, स्टीलच्या एकातही नाही. प्रमाण किरकोळ होतं, पण लेकीला तेवढं पुरलं. स्टील जिंकलं, माझे दात हरले.

एवढं सगळं सोडून ग्लासच लावला असता तोंडाला. पण शहाळ्याचं काय करणार? त्याला तोंड लावलं की निम्मं पाणी शर्टावर, आणि नारळपाण्याचा डाग शर्ट फाटेपर्यंत जात नाही. म्हणून शहाळेवाल्यासमोर मी खिशातून स्टीलचा स्ट्रॉ काढला. डॉक्टरने इंजेक्शन काढल्यावर पेशंट बघतो, तसा तो स्ट्रॉकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, आपल्याकडे पण प्लास्टिकचा स्ट्रॉ नाही. एकदम बंद. दंड करतात."

मी खूश होऊन घरच्यांसाठी दोन पार्सल सांगितली. त्याने दोन्ही शहाळ्यांचं पाणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत ओतलं, मलई तिसऱ्या पिशवीत भरली, सगळ्यांना गच्च गाठी मारल्या आणि वर दोन स्ट्रॉ ठेवले. कागदी.