हस्कीच घ्या, भाऊ!

कुत्रं पाळायचंच ठरवलं असेल, तर भाऊ, हस्कीच घ्या. मूळ मुलूख सायबेरिया, अंगावर केसांचे दोन थर. अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर. सोयरीक जुळलीच म्हणायची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. त्यामुळे नवतपाभर ते हसताना दिसेल, फोटो झकास येतील. कूलर त्याच्याकडे वळवा, आबांची खाट निंबाखाली टाका. लाईन गेली की दोघंही सारखेच.

दारातलं गावठी मात्र पाळू नका. फुकटच्या वस्तूचा भाव पाहुण्यांना काय सांगणार? आमच्या वावरात असं एक आहे. काळं, एक कान तुटका. आई कुटाराच्या ढिगात व्यायली, बाप अर्धं गाव. हरभऱ्याच्या जागलीला निघालो की न बोलावता मागे येतं. डुकरं धुऱ्यावर पोचायच्या आधी भुंकून मला उठवतं, त्यांना पार नाल्यापर्यंत पिटाळतं अन् ओल्या पायांनी माझ्याच घोंगड्यावर येऊन झोपतं. असल्या कुत्र्याला काय चव आहे?

नाव टायगरच ठेवा. गाव ताडोब्याच्या बफरमध्ये असेल तर नक्कीच, अन् रात्री अंगणात बांधून ठेवा. बिबट्याला कुत्रं फार आवडतं, पण नाव ऐकून तो माघारी जाईल.

जेवणात पंगतीतला उरलेला तर्रीदार रस्सा वाढा. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे डॉक्टरचं म्हणणं. आपल्याकडे कांद्याशिवाय रस्सा होतो का?

गोचीड झाले तर कपाशीचं उरलेलं फवारणीचं औषध आहेच. त्याने गोचीडही मरतात अन् कुत्रंही. पुन्हा गोचीड होण्याची भीती नाही.

आता लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची सुई, मग डॉक्टर सांगेल तसा बूस्टर. सोयाबीनचा अख्खा चुकारा हस्कीत घातल्यावर सुईला पैसे कुठून उरणार? लेकराला चावलंच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवत कोण बसतं? तिखट अन् चुना भरा, बायाबापड्यांना विचारून झाडपाला बांधा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, पण पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अन् अठ्ठाविसाव्या दिवशी खेप. ऐन डवरणीत एवढी सवड कोणाला? शिवाय रेबीजची लक्षणं एकदा दिसली की पुढच्या खेपा आपोआपच वाचतात.

परवा आमच्या काळ्याला सुईसाठी ढोरांच्या दवाखान्यात नेलं. कार्डावर जातीचा रकाना होता. कंपाउंडरने त्या तुटक्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हस्की लिहा," म्हटलं.